गणपती पेठेतलं काष्ठौषधीचं दुकान आणि बाळगुटीची खरेदी

सांगलीत बाळगुटीचं, म्हणजे सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायच्या मुळ्या-फळांचं, सामान चांगलं कुठं मिळतं, हे ओळखीतल्या बायका मला हमखास विचारतात, आणि विचारताना जरा चाचरतात. कारण मी सरकारी नर्स होते. शिराळा तालुक्याच्या पश्चिम अंगाला, चांदोलीच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर फिरून "सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही" हे सांगण्यात माझी नोकरी गेली. अशा बाईला गुटीचं दुकान कसं विचारायचं, असं त्यांना वाटत असणार. तर सांगून टाकते. दुकान आहे, मी स्वतः तिथूनच घेते, आणि त्याच्याबद्दल माझ्या तक्रारीही आहेत.

गणपती पेठेत मसाले नि किराण्याच्या व्यापाऱ्यांच्या रांगेत अरुंद तोंडाचं, आत खोल गेलेलं दुकान. पाटीवरचं 'काष्ठौषधी व पूजासाहित्य' एवढंच काय ते वाचता येतं. मालकांना सगळी पेठ आण्णा म्हणते. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण आण्णांनीच बजावलंय, "ताई, ते मोबाईलवर माझं नाव टाकू नका. मग पुण्या-मुंबईचे फोन येतात, फोटो पाठवा, कुरिअर करा. मला गिऱ्हाईक समोर लागतं." शोधायला काही अडचण नाही. पेठेत कुणालाही काष्ठौषधीवाले आण्णा विचारा, नाहीतर वेखंडाच्या वासानं जा.

या दुकानाला मी चांगलं म्हणते ते पहिल्या प्रश्नासाठी. बाळगुटीचं सामान म्हटलं की आण्णा बरणीला हात लावायच्या आधी विचारतात, "बाळ केवढं?"

मी तिथं उभी असतानाच एक तरुण पोरगा आला होता. आईनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी, बाळाचं बारसं अजून व्हायचंय. आण्णांनी यादी वाचली. डिंक, अळीव, बाळंतशोपा, सुंठ, असं बाळंतिणीचं जेवढं होतं तेवढं बांधलं आणि गुटीचं सामान तसंच बाजूला ठेवलं. "हे सहा महिन्यांनी. तेसुद्धा डॉक्टरला विचारून ये." पोरगा वैतागला. "दुसरीकडं मिळंल की." "मिळंल," आण्णा म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. माझ्या नोकरीत मी ज्या एका वाक्यासाठी सासवांशी भांडले, ते हा माणूस गल्ल्यावर बसून, धंदा सोडून सांगतो. आमच्या खात्यानं याचा सत्कार करायला हवा होता.

आमच्या घरचा प्रसंगही तोच. लेकीचं बाळंतपण माझ्याकडं झालं. विहीणबाई कराडच्या. त्यांच्याकडं बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून गुटी सुरू करायची पद्धत, आणि त्यांच्या चारही मुलांना त्यांनी तशीच दिली. फोनवर रोज "अजून सुरू नाही केली का हो?" मी म्हटलं, "विहीणबाई, सहा महिने थांबा, मग मी स्वतः सहाण धुऊन बसते." त्या थांबल्या, जरा रागावूनच. आता नातू आठ महिन्यांचा आहे. मिरजेच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, द्यायचीच असेल तर पातळ द्या, रोज नको, मध अजिबात नको, जायफळ नको. या चार वाक्यांच्या आत राहून मी खरेदीला गेले.

आण्णा एकेक बरणी उतरवतात, पितळी ताटलीत वस्तू ओततात आणि म्हणतात, "निवडा." पाकीटबंद संच मागणाऱ्यांना इथं वेळ लागेल, पण खरी मजा यातच आहे.

मायफळ घ्या. नावाला फळ. ओकच्या झाडावर एक बारीकशी माशी अंडं घालते, त्याभोवती झाड गाठ धरतं, ती ही गाठ. आतला किडा मोठा झाला की भोक पाडून उडून जातो. भोक पडलेलं मायफळ हलकं नि पिवळट असतं, त्याचा तुरटपणाही कमी. बिनभोकाचं, हाताला जड लागणारं, निळसर-हिरवट ते चांगलं. शी पातळ होत असेल तर आपल्याकडं मायफळ उगाळतात ते याच तुरटपणासाठी. ताटलीतली निम्मी मायफळं भोकाची निघाली. आण्णांनी ती परत बरणीत टाकली नाहीत, वेगळ्या डब्यात टाकली. तो डबा पुढं कुठं जातो हे मात्र मी विचारलं नाही!

काकडशिंगीचीही तीच गोष्ट, फक्त तिथं गाठ करणारे मावा किडे. ही पोकळ असते. एक फोडून बघितली तर आत राखाडी पूड, म्हणजे मेलेले किडे. खोकल्याला उगाळायचं हे औषध लोक आतून न बघता तसंच सहाणेवर घासतात. आण्णा फोडून, झटकून, स्वच्छ टरफलं तेवढी देतात. मागावं लागतं, पण देतात.

अतिविष सगळ्यांत महाग, तोळ्यावर विकतात. हिमालयात खूप उंचावर होणारं, रानातलं संपत चाललेलं मूळ. त्यामुळं भेसळ आलीच. कुणी नागरमोथ्याचे गड्डे मिसळतं. त्यात फसवणूक झाली तरी जिवाला धोका नाही, जुन्या ग्रंथांतही अतिविष नसेल तर नागरमोथा घ्या असं आहे. धास्ती वेगळीच. अतिविष हे बचनाग या जहाल विषारी वनस्पतीच्या कुळातलं. अतिविष स्वतः तसं विषारी नाही, पण त्याच कुळातलं दुसरं मूळ चुकून आलं तर लहान बाळाच्या बाबतीत खेळ नाही. आण्णांनी एक मूळ माझ्यासमोर कट्कन मोडलं. आत पांढरंशुभ्र, पिठूळ, मधे बारीक काळसर ठिपके. कण जिभेला लावून म्हणाले, "नुसतं कडू लागलं पाहिजे. जीभ चुरचुरली, बधिर पडली तर तो माल घेऊ नये." हे चाखायचं काम दुकानदारानंच करावं, आपण घरी करू नये. पण मूळ मोडून मात्र मागावं. अख्खं मूळ मोडून दाखवायला जो कुरकुरतो त्याच्याकडून अतिविष घेऊ नका.

मुरुडशेंग माझ्या ओळखीची. शिराळ्याच्या त्या रानात केवणीची झुडपं पुष्कळ, सालीचे दोर वळायचे आणि पिळाच्या शेंगा पोरांच्या मुरड्याला म्हणून चुलीच्या वर आढ्याला अडकवून ठेवायच्या. आण्णांकडं असतात त्या काळ्याभोर, घट्ट पिळाच्या, हलवल्या तर आतून पूड सांडत नाही. पूड सांडली की कीड लागली समजायचं. बाळहिरडेही तसेच. आठळी धरायच्या आधी गळून वाळलेले, बारीक नि काळे. मोठा सुरवारी हिरडा देऊन 'हाच तो' म्हणणारे दुकानदार मी पाहिलेत. आण्णा दोन्ही शेजारी ठेवून दाखवतात.

हळकुंडासाठी मात्र सांगलीकराला दुकान सांगायची गरज नाही. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, आणि हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली, हळद ज्यांनी पाहिलीय त्यांना मी काय सांगणार. फक्त चकचकीत पिवळं, पॉलिश केलेलं हळकुंड बाळासाठी घेऊ नका. खडबडीत, मातकट दिसणारं घ्या. आण्णांकडं दोन्ही आहेत, न सांगता चकचकीतच पुढं येतं. अर्धा गुण इथं कापला.

जेष्ठमध, सुंठ, सागरगोटा, नागरमोथा, पिंपळी ठीकठाक. सागरगोट्यांवर मी जास्त वेळ घालवला, पण तो औषधासाठी नव्हे. लहानपणी आम्ही पाच-पाच खेळायचो, हातात घेतल्यावर ठेववेनात.

आता वेखंड. आपल्याकडं वेखंडाशिवाय बाळ वाढतच नाही. टाळूवर पूड, कुंचीच्या कडेला पुरचुंडी, मनगटात मणी, आणि गुटीत वळसा. अंगाला लावण्याबद्दल माझं फार म्हणणं नाही, फक्त पूड नाका-डोळ्यांत जाऊ देऊ नका. पण पोटात देण्याबद्दल आहे. वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचा घटक असतो, आपल्याकडच्या वेखंडात युरोपातल्यापेक्षा जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचे दुष्परिणाम दिसल्यावर अमेरिकेनं 1968 मध्येच खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. मी आण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या आज्ज्यापासून विकतोय." मी म्हटलं, "तुमच्या आज्ज्याच्या काळात किती बाळं वर्षाची व्हायची तेही सांगा." ते हसले. माझ्या संचातून वेखंड काढलं आणि तेवढे पैसे वजा केले. गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारा दुकानदार असा असतो. मणी तर नकोच नको. दात येणारं बाळ मनगट तोंडात घालतं, दोरा तुटला की मणी घशात.

दात यायच्या दिवसांत लोक डिकेमाली, म्हणजे एका झाडाचा उग्र वासाचा डिंक, मागतात, जंतांवरही मागतात. तिचा वास घरभर चार दिवस राहतो आणि बाळ तोंड फिरवतं ते वेगळंच. जंतांवर वावडिंग नि डिकेमाली ही आपली जुनी औषधं खरी, पण वर्षाच्या पुढच्या मुलाला अंगणवाडीत अल्बेंडाझोल फुकट मिळतं. 2015 पासून 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो. दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी गोळी चुरून, पुढच्याला एक. एवढं सोपं असताना मी डिकेमाली घेतली नाही. वावडिंग थोडं घेतलं, पाण्यात उकळायला. तेही विहीणबाईंच्या समाधानासाठी.

आता दुकानाच्या उण्या बाजू, कारण त्या आहेत.

पहिली म्हणजे ओल. 2019 च्या पुरात पेठेत पाणी शिरलं तेव्हा आण्णांनी भिजलेला सगळा माल फेकून दिला, वाळवून विकला नाही, हे शेजारचे दुकानदार आपणहून सांगतात. ते मोठंच. पण खालच्या फळीवरच्या बरण्यांना पावसाळ्यात अजूनही ओल धरते. श्रावणात घेतलेल्या जेष्ठमधाच्या दोन काड्यांवर घरी येईपर्यंत पांढरी बुरशी दिसली. नेऊन दाखवल्यावर मुकाट्यानं बदलून दिल्या. पण जिला बुरशी ओळखता येत नाही ती तशीच उगाळणार. पुडीवर तारीख नाही, नाव नाही, नुसता वर्तमानपत्राचा कागद. बाळासाठीच्या वस्तूला निदान कोरा कागद तरी वापरा आण्णा. आणि तुम्ही घेणार असाल तर बुरशीचा संशय आला की धुऊन-वाळवून ठेवत बसू नका, सरळ टाकून द्या.

दुसरी तक्रार मोठी. दुपारी आण्णा जेवायला जातात तेव्हा पुतण्या बसतो. तो बाळ केवढं हे विचारत नाही. "वजन वाढतं, बुद्धी वाढते, दात लवकर येतात, सर्दी जवळ येत नाही," असं एका दमात म्हणतो आणि काउंटरखालून गुटीची तयार पूड काढतो. प्लॅस्टिकची पिशवी, वर काहीच लिहिलेलं नाही. कुटलेल्या पुडीत मायफळ भोकाचं होतं का बिनभोकाचं, अतिविष कोणतं, हळद कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवाय सहाणेवर वळसा मोजता येतो, चमच्यानं पूड घातली तर मात्रा कोण मोजणार? आण्णांना मी हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली. पूड अजून काउंटरखाली आहे, मी वाकून बघितली.

तिसरी म्हणजे बालचतुर्भद्र. नागरमोथा, पिंपळी, अतिविष, काकडशिंगी, चौघं समभाग, मधातून. तापावर, खोकल्यावर, ओकारीवर, जुलाबावर आयुर्वेदात सांगितलेलं. आण्णा हे चारही अख्खे वेगवेगळे देतात, ते चांगलंच, पण सोबत "मधातून चाटवा" म्हणतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाचं पोट ते पचवतं, तान्ह्याचं नाही. बाळ ढिलं पडतं, चोखायचं बंद करतं. बाळाचं वय विचारणाऱ्या माणसानं ही एक ओळ जोडली तर किती बरं होईल.

घरी आल्यावरचं थोडं सांगते, कारण चांगलं सामान आणून लोक सहाणेवर घाण करतात. माझ्या नोकरीत गुटीनं बिघडलेली जी बाळं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचं मला दिसलेलं कारण पाणी, सहाण नि हात हे होतं, वनस्पती नंतर. देवासमोरची गंध उगाळायची सहाण घेऊ नका. वेगळी घ्या, ती आणि सगळी कांडकी उकळत्या पाण्यानं धुवा, कडक उन्हात वाळवा. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात एकेकाचा एक हलका वळसा, तोही सगळ्यांचा एकदम नाही. सुरुवातीला एकच वस्तू द्या, एक-दोन दिवस थांबा, अंगावर पुरळ येतंय का, शी कशी होतेय बघा, मग दुसरी. उरलेलं दुपारसाठी झाकून ठेवायचं नाही, ओतून द्यायचं. नातवाला मी पहिल्यांदा मुरुडशेंगेचा एक वळसा दिला. त्यानं तोंड असं केलं की लेकीनं व्हिडिओ काढून कराडला पाठवला आणि विहीणबाईंचा राग तिथंच गेला.

माझं एवढंच म्हणणं आहे की गुटी ही गुटीच्या जागी. पोटात थोडी कळ, शी घट्ट, बाळ किरकिर करतंय, तिथवर ठीक. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंक. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. आणि श्वास. एका वस्तीवर एक आई पाच महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती, छातीला वेखंडाचा लेप, शेजारी अडुळशाचा रस. मी बाळाचा सदरा वर केला आणि घड्याळ धरून मिनिटभर मोजलं. 72. दोन महिने ते एक वर्ष वयात 50 किंवा त्याच्या वर गेलं की न्यूमोनियाचा संशय धरायचा, आणि त्याच्या तर बरगड्यांखाली खड्डा पडत होता. अडुळसा चांगला की वाईट हा प्रश्नच तिथं नव्हता, जीप आधी हवी होती. ते बाळ वाचलं. मोजायला कुठलं यंत्र लागत नाही, सेकंद काटा लागतो. हे आण्णांच्या दुकानात एका पुठ्ठ्यावर लिहून लावायचं मी कबूल केलंय. खिळा ठोकायचं ते कबूल झालेत.

कुणी विचारेल, एवढा उपद्व्याप कशाला, औषधाच्या दुकानात ग्राइप वॉटर मिळतंच की. मिळतं. वुडवर्ड्सचं तर 1851 सालापासूनचं, इंग्लंडातलं. शेपाचं तेल आणि सोडा, आणि पूर्वी त्यात दारूचा अंशही असायचा, आता नसतो. म्हणजे साहेबानं आपली बाळंतशोपाच बाटलीत भरली. बाटलीवर निदान घटक आणि मुदत छापलेली असते, हा तिचा मोठा गुण, आणि आण्णांनी तो उचलावा. पण सहा महिन्यांच्या आत तेही नकोच, हे माझं उत्तर दोन्हीला सारखं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. आण्णा गल्ल्यावर असतील तर चार, पुतण्या असेल तर दीड. वेखंड, जायफळ नि डिकेमाली वगळून माझ्या सामानाला साडेतीनशेच्या आसपास लागले, त्यात अतिविषाचाच वाटा मोठा. फोनपे चालतं. सकाळी लवकर जा, नंतर पेठेत मालाचे टेम्पो लागतात आणि स्कूटर लावायला जागा राहत नाही. मायफळ, काकडशिंगी नि अतिविष स्वतः निवडून घ्या, हळकुंड बिनपॉलिशचं मागा, कोरा कागद घरून न्या. मोठ्या मुलाला खोकल्यासाठी चघळायला जेष्ठमध हवा असेल तर तसं सांगा, आण्णा जाड कांडी बाजूला ठेवून वरच्या फळीवरच्या बारीक काड्या काढून देतात.